शिकाऱ्याचा हक्क कुठून येतो?

अमेरिकेत बंदुकीचा वाद पेटला की दोन्ही बाजू शिकाऱ्याला साक्षीला उभे करतात. निर्बंध मागणारा उमेदवार सभेत सांगतो, तुमच्या हरणाच्या रायफलीला कुणी हात लावणार नाही. निर्बंधांना विरोध करणारा उत्तर देतो, राज्यघटनेतली शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी दुसरी दुरुस्ती बदकांच्या शिकारीसाठी केलेली नाही. एकाला शिकाऱ्याचे मत हवे असते, दुसऱ्याला त्याची संख्या; त्याच्या रानातल्या वागण्यात या वादाचे काही उत्तर असेल असे दोघांनाही वाटत नाही. मला ते वाटते. २०२२ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार सोळा वर्षांवरच्या सुमारे १ कोटी ४४ लाख अमेरिकनांनी त्या वर्षी शिकार केली. इतकी माणसे जे शस्त्र पिढ्यान्‌पिढ्या हाताळत आली, त्याबद्दल त्यांनी काही रीतभात घडवली असणार, आणि ती घडवली आहेच. जीव घेऊ शकणारे साधन जवळ ठेवण्याचा नैतिक हक्क माणसाला असतो का, असला तर तो कशातून येतो, या जुन्या प्रश्नाचा एक व्यवहारात तपासून पाहिलेला जबाब त्या रीतीत आहे. माझे म्हणणे असे की शिकाऱ्याचा बंदुकीवरचा हक्क खरा आहे आणि त्याची पाठराखण झाली पाहिजे. पण तो हक्क त्याने स्वतःवर घालून घेतलेल्या बंधनांतून आला आहे. म्हणून बंधन या कल्पनेलाच विरोध करणारा शिकारी स्वतःचा हक्क निराधार करून टाकतो.

या हक्काचा पहिला अर्थ समतेचा होता, हे आधी मान्य करायला हवे. इंग्लंडमध्ये १६७१ च्या शिकार कायद्याने ठरावीक उत्पन्नाची जमीन नसलेल्या माणसाला शिकारही नाकारली आणि त्यासाठी बंदूक ठेवणेही. ससा, तितर, हरीण हे सगळे जमीनदाराचे. त्याच्या रखवालदाराला सामान्य माणसाच्या घरात शिरून बंदुका जप्त करता येत. अटलांटिक ओलांडून गेलेल्यांनी हे विसरायचे नाकारले. पेनसिल्व्हेनियाच्या १७७६ च्या आणि व्हर्मांटच्या १७७७ च्या राज्यघटनेत हंगामात शिकार करण्याचे स्वातंत्र्य रहिवाशांना स्पष्ट शब्दांत दिले गेले. रानातले जनावर कुणा सरदाराच्या मालकीचे नाही, ते सगळ्यांचे आहे, ही कल्पना तिथे रुजली. पुढे न्यायालयांनीही राज्याला वन्यप्राण्यांचे जनतेच्या वतीने सांभाळ करणारे मानले. आज वीसहून अधिक राज्यांच्या घटनांत शिकारीचा हक्क नोंदलेला आहे. गरीब शेतकऱ्याच्या हातातली ती बंदूक म्हणजे आपणही पूर्ण माणूस आहोत याची खूण होती, आणि आजच्या अमेरिकन शिकाऱ्याच्या मनात तिच्याविषयी जी माया आहे तिचा उगम तिथे आहे. शहरात राहून या मायेला अडाणीपणा म्हणणारे लोक इतिहास वाचत नाहीत असे मला वाटते.

पण समतेच्या या स्वातंत्र्याने पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत काय केले, तेही त्याच इतिहासात आहे. आकाश झाकोळून टाकणाऱ्या थव्यांनी उडणारे प्रवासी कबुतर बाजारासाठी मारले गेले आणि त्या जातीचा शेवटचा पक्षी १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. कोट्यवधी गवे होते, ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हजाराच्या आत उरले. होडीवर बसवलेल्या अजस्र नळीच्या बंदुकीतून एका बारात डझनावारी बदके पाडून ती शहरांच्या बाजारात विकली जात. यावर बोट ठेवणाऱ्यांत सर्वांत ठाम आवाज शिकाऱ्यांचेच होते. १८८७ साली थिओडोर रूझवेल्ट, जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी बून अँड क्रॉकेट क्लब स्थापला आणि सावजाला निसटण्याची खरी संधी ठेवूनच त्याचा पाठलाग करायचा, ही नीती मांडली. १९०० चा लेसी कायदा, स्थलांतरित पक्ष्यांविषयीचा १९१८ चा कायदा, १९३४ चे बदकांच्या शिकारीसाठीचे तिकीट, यांमागे शिकाऱ्यांचा रेटा होता. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली, शॉटगन आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला, आणि या तरतुदीला शिकाऱ्यांनी स्वतः पाठिंबा दिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाच लाखांच्या आसपास उरलेली पांढऱ्या शेपटीची हरणे आज कोटींच्या घरात आहेत.

या सगळ्यात एक बारीक तरतूद माझ्या मुद्द्याला फार महत्त्वाची आहे. १९३५ पासून स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत शॉटगनमध्ये एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसे बसता कामा नयेत, असा संघराज्याचा नियम आहे. बंदुकीत अधिक काडतुसांची सोय असेल तर आत खुंटी घालून ती जागा बंद करावी लागते. शिवाय पेनसिल्व्हेनियासारख्या शिकाऱ्यांच्या राज्यात हरणाच्या शिकारीला अर्धस्वयंचलित रायफल दीर्घकाळ निषिद्ध राहिली. न्यू यॉर्कने १९४९ साली नव्या शिकाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचे केले आणि मग ते देशभर पसरले. म्हणजे शस्त्राची क्षमता मर्यादित करणे, धारकाला शिक्षण देणे, परवाना, नोंद, कर, हे सगळे अमेरिकन शिकारी गेली कित्येक दशके पाळतो आहे आणि त्यामुळे आपण गुलाम झालो असे त्याला वाटलेले नाही. विचित्र स्थिती उरते ती अशी: हरीण मारायचे तर अभ्यासक्रम, परवाना आणि त्या एका हरणापुरता बिल्ला लागतो. तीच रायफल विकत घ्यायला मात्र बहुतेक राज्यांत दुकानदाराने केलेली पार्श्वभूमीची तपासणी पुरते, आणि दोन खासगी व्यक्तींमधला व्यवहार असेल तर अनेक ठिकाणी तीही लागत नाही. बदकाच्या जिवाचा विचार करून काडतुसे मोजणारा समाज माणसाच्या जिवासाठी मोजायला तयार नाही, ही विसंगती शिकाऱ्याइतकी दुसऱ्या कुणाला टोचायला नको.

बंधनातूनच हक्क येतो, हे मी कुठून म्हणतो? महाभारताच्या आदिपर्वात या प्रश्नावर एक पुरा वाद आहे. मृगरूपात पत्नीशी रत असलेल्या किंदम ऋषीवर पांडूने बाण सोडला. मरणारा ऋषी त्याला जाब विचारतो, तेव्हा पांडू बिनतोड वाटणारा बचाव करतो: मृगया हा राजाचा हक्क आहे, राजे शत्रूला मारतात तसे मृगांना मारतात, खुद्द अगस्त्यांनी मृगया केली आहे. परंपरा, अधिकार, पूर्वदाखला, सगळे त्यात आहे. ऋषी हा हक्क नाकारत नाही. तू मृग मारलास म्हणून मी तुला दोष देत नाही, असे तो म्हणतो. दोष याचा, की करुणेने क्षणभर थांबायला हवे होते आणि तू थांबला नाहीस. शाप हक्क बजावल्याचा नाही, तो हक्क बजावताना थांबण्याची वेळ न ओळखल्याचा आहे. रामायणात दशरथाच्या हातून घडलेला अपराधही याच जातीचा. शब्दवेधाची विद्या त्याच्याकडे होती, शरयूकाठच्या अंधारात घडा भरल्याचा आवाज त्याने ऐकला आणि समोर काय आहे हे न पाहता बाण सोडला. सावज नीट ओळखल्याशिवाय आणि त्याच्या पलीकडे काय आहे ते पाहिल्याशिवाय चाप ओढायचा नाही, हा अमेरिकेतल्या शिकार प्रशिक्षणाचा पाया आहे. विद्या असणे आणि ती वापरण्याची पात्रता असणे यांत अंतर आहे, हे आपल्या दोन्ही महाकाव्यांनी शिकारीच्याच प्रसंगातून सांगावे, याला मी योगायोग मानत नाही. विणीसाठी उत्तरेकडे निघालेल्या पक्ष्यांची वसंतातली शिकार विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातल्या कायद्यांनी थांबवली. त्या कायद्यांची भाषा कोरडी असली तरी किंदमाचे म्हणणे त्यांत आहे.

स्पॅनिश तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत याने १९४२ साली शिकारीवरच्या एका पुस्तकाला दीर्घ प्रस्तावना लिहिली. माणसाची साधने जसजशी प्रभावी होत गेली तसतसे शिकाऱ्याने आपणहून त्यांतली काही बाजूला ठेवली, असे त्याचे निरीक्षण आहे. सावजाला सुटकेची शक्यताच उरली नाही तर उरते ते निव्वळ मारणे, आणि त्याला शिकार म्हणता येत नाही. अमेरिकेत आल्डो लिओपोल्ड, जो स्वतः आयुष्यभर शिकारी होता, त्याने याला नीतीचे रूप दिले. त्याच्या मते शिकाऱ्याच्या वागण्याला टाळ्या वाजवणारे वा शिट्ट्या मारणारे प्रेक्षक नसतात, रानात त्याच्यावर नजर असते ती त्याच्या विवेकाचीच. या दोघांचे म्हणणे एकत्र ठेवले की शिकाऱ्याच्या हक्काचे स्वरूप दिसते. समाज त्याच्यावर विश्वास टाकतो, कारण जिथे कुणी पाहत नाही तिथेही तो थांबतो असे समाजाला वाटते. हा विश्वास हाच त्याच्या हक्काचा आधार आहे, आणि विश्वासाला पुरावा मागितला म्हणून रागावण्याचे कारण नाही.

इथे पहिला आक्षेप अहिंसेचा येईल, आणि महाराष्ट्रात तो यायलाच हवा. मुळात मजेसाठी जीव घेणाऱ्याचे संयमाचे प्रमाणपत्र का मानावे? या आक्षेपाचा मला आदर आहे, पण तो सगळ्या शिकारीला लागू होत नाही. लांडगे आणि कूगर बहुतेक प्रदेशांतून नाहीसे केल्यावर वाढलेली हरणे कोवळी रोपे खाऊन जंगलाचे पुनरुज्जीवन थांबवतात. अलास्कातल्या मूळ रहिवाशांच्या घरात शिकारीचे मांस हेच हिवाळ्याचे अन्न असते. वनपर्वात कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकायला मिथिलेच्या धर्मव्याधाकडे, मांस विकणाऱ्याकडे, पाठवले जाते. हिंसेचा स्पर्श नसलेला व्यवसाय दाखवणे अवघड आहे, असे तो व्याध सांगतो. ज्याला कुठलीही शिकार मान्य नाही त्याने तसे म्हणावे. पण जो मांस खातो आणि शिकाऱ्याला क्रूर म्हणतो, त्याने आपल्या ताटातले जनावर कुणाच्या हातून मेले याचा विचार करावा.

दुसरा आक्षेप बंदूकधारकांच्या बाजूचा आहे आणि तो कायद्याच्या दृष्टीने भक्कम आहे. दुसऱ्या घटनादुरुस्तीत शिकारीचा उल्लेख नाही. २००८ च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी या हक्काच्या केंद्रस्थानी स्वसंरक्षण ठेवले, आणि तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया स्वतः हौशी शिकारी होते. मग शिकाऱ्याच्या नीतीवरून बंदुकीचे नियम का ठरवावेत? याला माझे उत्तर असे की न्यायालय हक्काची कायदेशीर हद्द सांगते. नागरिकाने तो कसा वापरावा, त्याचे समर्थन कशाच्या बळावर करावे, हा प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतो. त्याच निकालात स्कालिया यांनी हा हक्क अमर्याद नसल्याचेही नोंदवले आहे. आणि इतिहासही या आक्षेपाच्या बाजूने पूर्णपणे उभा नाही. नॅशनल रायफल असोसिएशन १८७१ साली नेमबाजी सुधारण्यासाठी स्थापन झाली. १९३४ साली मशीनगनवरच्या कायद्याची सुनावणी झाली, तेव्हा तिचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक यांनी संसदेच्या समितीपुढे सरसकट बंदुका बाळगून फिरण्याला विरोध दर्शवला आणि त्यावर परवान्याचे कडक बंधन असावे असे सांगितले. १९७७ च्या सिनसिनाटी अधिवेशनात संघटनेची सूत्रे बदलली आणि सूरही बदलला. त्यानंतरच्या तीस वर्षांत काय घडले हे जिम झम्बो यांच्या प्रकरणात दिसते. ‘आउटडोअर लाइफ’चे हे नामवंत शिकार-लेखक. २००७ साली त्यांनी लिहिले की अर्धस्वयंचलित एआर पद्धतीच्या रायफलींना शिकारीत स्थान नाही. काही दिवसांतच पुरस्कर्त्यांनी हात काढून घेतले, मासिकाशी संबंध तुटला, दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम अडचणीत आला आणि त्यांना माफी मागावी लागली. त्यांचा शब्द कठोर होता हे मान्य. पण ज्या परंपरेने स्वतःहून बंदुकीत खुंटी घातली, तिच्याच एका ज्येष्ठ माणसाने साधनाच्या योग्यायोग्यतेचा प्रश्न काढला आणि त्याला बाहेर ढकलले गेले, हे त्या परंपरेचे नुकसान होते.

तिसऱ्या आक्षेपापाशी मी सर्वांत जास्त थांबतो, कारण तो आपल्या अनुभवातून निघतो. नियंत्रणाचा कायदा नेहमी दुर्बळाच्या हातातली बंदूक काढतो आणि बलवानाच्या हातातली तशीच ठेवतो. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदुस्थानी माणसाला परवान्याच्या दारात उभे केले आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून त्याविरुद्ध ठराव झाले. गांधीजींनी आत्मकथेत या कायद्याविरुद्ध लिहिलेले वाक्य आज अमेरिकेतले बंदूक-समर्थक आवडीने उद्धृत करतात, पण ते १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकातले आहे हे सांगत नाहीत. साहेबाने मचाणावरून वाघ मारला तर तो खेळ, आणि जाळी-फासे घेऊन रानात फिरणारा पारधी जन्मानेच गुन्हेगार, असे ठरवणारा १८७१ चा कायदा याच राजवटीचा. अमेरिकेतही कॅलिफोर्नियाचा १९६७ चा मलफर्ड कायदा कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेचे कार्यकर्ते उघडपणे बंदुका घेऊन गस्त घालू लागल्यावर आला, त्यावर गव्हर्नर रेगन यांनी सही केली आणि रायफल असोसिएशननेही त्याला पाठिंबा दिला. हे सगळे खरे आहे. पण यातून काय सिद्ध होते? भेदभाव करणारा कायदा वाईट, हे सिद्ध होते. गांधीजींचा रोष ‘संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र’ करण्यावर होता; एखाद्याला बंदूक देण्यापूर्वी तो चालवायला शिकला आहे का हे विचारण्यावर नव्हता. सर्वांना एकच परीक्षा, एकच नियम, अधिकाऱ्याच्या मर्जीला जागा नाही आणि नकाराविरुद्ध अपील, अशा अटी घातल्या की परवाना समतेच्या विरुद्ध जात नाही. हरणाचा बिल्ला याच रीतीने मिळतो, आणि तो कुणाच्या कातडीचा रंग पाहून दिला जात नाही, यासाठी शिकाऱ्यांनीच जागरूक राहिले पाहिजे.

परवाना आला की यादी येईल, यादी आली की जप्ती येईल, ही भीती पुष्कळांना वाटते. तिला उत्तर म्हणून परदेशातली उदाहरणे पाहावीत. १९९६ साली पोर्ट आर्थर इथे ३५ माणसे मारली गेल्यावर ऑस्ट्रेलियाने सुमारे साडेसहा लाख बंदुका पैसे देऊन परत घेतल्या आणि प्रत्येक अर्जदाराला खरे कारण दाखवणे बंधनकारक केले. स्वसंरक्षण हे कारण तिथे चालत नाही, शिकार चालते. जर्मनीत शिकारीचा परवाना काढायला लेखी, तोंडी आणि नेमबाजीची अवघड परीक्षा द्यावी लागते, आणि चार लाखांहून अधिक लोकांकडे तो आहे. दोन्ही देशांत शिकारी टिकून आहेत. म्हणजे जिथे कायदा सर्वांत कडक झाला तिथे ज्याचे कारण तपासता येते असा बंदूकधारक, म्हणजे शिकारी, सर्वांत सुरक्षित राहिला. अमेरिकेने ऑस्ट्रेलियाची नक्कल करावी असे मी म्हणत नाही. तिथली घटना वेगळी, भूगोल वेगळा. पण यादीतून थेट जप्तीकडेच वाट जाते, हे खरे नाही.

कायदा फक्त कायदा पाळणाऱ्याला बांधतो, गुन्हेगाराला नाही, हे वाक्य प्रत्येक चर्चेत येते. तसे असते तर चोरट्या शिकारीविरुद्धचे कायदेही निरर्थक ठरले असते, आणि हरणांच्या संख्येने ते खोडून काढले आहे. कनेटिकटने १९९५ साली पिस्तूल खरेदीला परवाना आवश्यक केला. मिझुरीने २००७ साली तसाच परवाना रद्द केला. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी दोन्ही राज्ये तपासली, तेव्हा पहिल्या ठिकाणी बंदुकीने होणाऱ्या खुनांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा घटलेले आणि दुसऱ्या ठिकाणी वाढलेले आढळले. असे अभ्यास शेवटचा शब्द नसतात, तरी आकडे ज्या दिशेला बोट दाखवतात ती दिशा स्पष्ट आहे.

आणि गुन्हेगाराच्या नावाने चाललेल्या या चर्चेत शिकाऱ्याच्या घरातली एक गोष्ट झाकली जाते. २०२२ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,२०४ मृत्यू झाले, त्यांतल्या २७,०३२ आत्महत्या होत्या. वायोमिंग, मोंटाना, अलास्का या शिकारीच्या प्रदेशांत अशा आत्महत्यांचे प्रमाण देशातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी आहे. बंदुकीने केलेला प्रयत्न बहुतेक वेळा जीवच घेतो. निराशेची लाट ओसरेपर्यंत कपाटाला कुलूप असले, किल्ली भावाकडे असली, तर माणूस वाचतो. २००९ साली न्यू हॅम्पशायरमध्ये एका आठवड्याच्या आत तिघांनी एकाच दुकानातून बंदूक विकत घेतली आणि काही तासांतच स्वतःला संपवले. त्या दुकानाचा मालक आणि सार्वजनिक आरोग्याचे कार्यकर्ते एकत्र बसले. गिऱ्हाइकाच्या बोलण्यातून संकट कसे ओळखावे, कधी विक्री नाकारावी, घरात कुणी खचलेले असेल तर बंदुका काही काळ बाहेर कशा ठेवाव्यात, याची माहितीपत्रके त्यांनी केली आणि राज्यातल्या अनेक बंदूक विक्रेत्यांनी ती आपल्या दुकानांत लावली. पुढे इतर राज्यांनी हा उपक्रम उचलला. त्यातल्या कुणाला आपल्या हक्कावर घाला आला असे वाटले नाही. विक्री नाकारण्याची जबाबदारी विक्रेत्यांनी आपण होऊन घेतली होती.